कचऱ्याचे घटक-विश्लेषण व नागरी सेवांचे नियोजन

नागरी वस्तीतून गोळा होणाऱ्या केरकचऱ्यात राख, माती, अन्नाचे व भाजीपाल्याचे अवशेष, कागद, चिंध्या, काच, धातू, प्लॅस्टिक इ. पदार्थ वजनाच्या कोणत्या प्रमाणात आहेत, तसेच त्याचा ओलावा, घनता व उष्णतामूल्य किती आहे, हे ठरावीक पद्धतीने मोजण्याच्या क्रियेस कचऱ्याचे घटक-विश्लेषण असे म्हणतात. नगरपालिका, महानगरपालिका व तत्सम स्थानिक स्वराज्य संस्था या मोजणीच्या आधारे कचरापेट्यांचा आकार, वाहनांचा प्रकार, कचरा उचलण्याची वारंवारता आणि विल्हेवाटीची पद्धत ठरवितात.

विश्लेषणातील प्रत्येक आकड्याचा नियोजनातील एखाद्या निर्णयाशी थेट संबंध असतो. घनता माहीत असल्याशिवाय गाडी वजनाने भरेल की आकारमानाने, हे सांगता येत नाही. ओलावा व उष्णतामूल्य यांवरून कचरा स्वतःच्या बळावर जळेल किंवा नाही, हे ठरते. कार्बन व नायट्रोजन यांच्या गुणोत्तरावरून खत तयार होण्यास लागणारा काळ अजमाविता येतो. कागद, काच व धातू यांच्या प्रमाणावरून ते वेगळे गोळा करण्याचा खर्च भरून निघेल काय, याचा अंदाज बांधता येतो. मात्र गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास असे दर्शवितो की, यंत्रसामग्री एका शहरातून दुसऱ्या शहरात जितक्या सहजतेने नेली गेली, तितक्या सहजतेने त्या दुसऱ्या शहरातील कचरा तपासला गेला नाही. या क्षेत्रातील अनेक खर्चिक अपयशांचे मूळ याच उणिवेत आढळते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील घरगुती कचऱ्याचा फार मोठा भाग चुलीतील दगडी कोळशाची राख व अर्धवट जळलेले निखारे यांचा असे. त्यामुळे इंग्रजीत कचऱ्याला ‘धूळ’ याच अर्थाचा शब्द रूढ झाला व कचरा नेणाऱ्यास ‘धूळवाला’ म्हणू लागले. या धुळीला बाजारात किंमत होती. बारीक राख विटांच्या मातीत मिसळीत, निखारे विटा भाजण्यास वापरीत, तर हाडे, चिंध्या व लोखंड यांचे वेगवेगळे गिऱ्हाईक असे. हेन्री मेह्यू (१८१२–८७) या पत्रकाराने लंडनमधील श्रमिकांविषयीच्या आपल्या ग्रंथात (१८५१) धुळीच्या आवारात चाळण्या घेऊन कचरा निवडणाऱ्या स्त्रियांचे तपशीलवार वर्णन केले आहे. या चाळणीला कचऱ्याच्या घटक-विश्लेषणाचे आद्यरूप म्हणता येईल. फरक इतकाच की, तिचा हेतू विक्रीचा होता, नियोजनाचा नव्हे. चाळणाऱ्या हातांना कचऱ्यातील घटकांचे जे ज्ञान होते, ते पालिकेच्या दप्तरात कधी उतरले नाही.

जोपर्यंत राखेला व निखाऱ्यांना भाव होता, तोपर्यंत कंत्राटदार कचरा उचलण्याच्या हक्कासाठी पॅरिशला पैसे देत. पुढे मागणी घटली आणि तेच कंत्राटदार कचरा उचलण्यासाठी पैसे मागू लागले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमाने स्थानिक संस्थांना घरगुती कचरा हलविण्याचे अधिकार दिले. १८९१ च्या लंडनविषयक अधिनियमाने तेथील आरोग्य-प्राधिकाऱ्यांवर ते कर्तव्य म्हणूनच सोपविले. अशा रीतीने कचरा ही व्यापारी वस्तू न राहता करदात्यांच्या पैशातून चालणारी सेवा बनली आणि त्याचा हिशेब ठेवण्याची गरज निर्माण झाली.

दाहक भट्ट्यांचा काळ : कचरा जाळण्याची पहिली पद्धतशीर भट्टी आल्फ्रेड फ्रायर याच्या आराखड्यानुसार इंग्लंडमधील नॉटिंगॅम येथे १८७४ मध्ये उभारण्यात आली. त्यानंतर अनेक ब्रिटिश शहरांनी अशा भट्ट्या बांधल्या. लंडनमधील शोर्डिच येथे १८९७ मध्ये कचऱ्याच्या उष्णतेवर वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले. ‘धुळीतून प्रकाश व शक्ती’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याने स्वीकारले होते. ब्रिटिश कचऱ्यात अर्धवट जळालेला कोळसा भरपूर असल्याने तो बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर जळत असे. भट्टीच्या यशाचे श्रेय तिच्या रचनेइतकेच या निखाऱ्यांनाही द्यावे लागेल.

परदेशांत ही गोष्ट ध्यानात येण्यास वेळ लागला. १८९२ च्या पटकीच्या साथीनंतर हँबर्ग शहराने इंग्लिश पद्धतीची भट्टी बांधली व ती १८९६ मध्ये यशस्वी रीत्या चालू झाली. बर्लिनमध्ये मात्र त्याच दशकात इंग्लिश भट्ट्यांवर केलेले प्रयोग फसले. बर्लिनकर घरे उबदार ठेवण्यासाठी लिग्नाइट कोळशाच्या विटा जाळीत. त्यांची राख बारीक व जवळजवळ पूर्ण जळालेली असल्याने कचऱ्यात दहनक्षम अंश पुरेसा उरत नसे. एकाच देशातील दोन शहरांत एकाच यंत्राचा परिणाम भिन्न झाला, तो घराघरांतील इंधन वेगळे होते म्हणून. बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्क येथे १९०७ पासून राख, स्वयंपाकघरातील अवशेष व इतर कचरा असे तीन भाग वेगळे ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभव अधिक बोलका आहे. तेथील शहरांच्या कचऱ्यात फळे व भाज्या यांचे ओले अवशेष पुष्कळ असत आणि कित्येक ठिकाणी राख वेगळी उचलली जाई. परिणामी भट्टीत जाणाऱ्या कचऱ्यात ओलावा जास्त व निखारे कमी असत. भट्टी चालू ठेवण्यास बाहेरचा कोळसा घालावा लागे. १८८५ ते १९०८ या काळात बांधलेल्या १८० भट्ट्यांपैकी १०२ भट्ट्या १९०९ पर्यंत सोडून देण्यात आल्या किंवा मोडून टाकण्यात आल्या. याच सुमारास न्यूयॉर्कचे रस्ते-सफाई आयुक्त जॉर्ज वॉरिंग (१८३३–९८) यांनी निराळा मार्ग अवलंबिला. राख, अन्नावशेष व कोरडा केर प्रत्येक घराने वेगळा ठेवावा, असा नियम त्यांनी केला आणि प्रत्येक भागासाठी स्वतंत्र विल्हेवाट योजिली. राखेचा उपयोग भरावासाठी, अन्नावशेषांतून चरबी व खत, तर कोरड्या केरातून विक्रीयोग्य वस्तू, अशी ही योजना होती. विल्हेवाटीची पद्धत घटकांनुसार ठरली पाहिजे, हे तत्त्व नागरी प्रशासनात इतक्या स्पष्टपणे प्रथमच अंमलात आले.

ब्रिटनमधील पद्धतशीर मोजणी : दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक सफाईच्या कामाची तपासणी हाती घेतली. जे. सी. डॉज यांचा लंडनच्या सफाई-सेवेवरील अहवाल १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या पालिकांचे खर्च, वजने व पद्धती एकाच मापाने तोलण्याची प्रथा या काळात रुजली. १९३५–३६ च्या सुमारास केलेल्या विश्लेषणानुसार ब्रिटिश घरगुती कचऱ्यात राख व निखारे सु. ५७ टक्के, कागद सु. १४ टक्के आणि भाजीपाला व अन्नावशेष सु. १४ टक्के होते. दुसऱ्या महायुद्धात टाकाऊ वस्तू वेगळ्या करून युद्धसामग्रीसाठी पुरविण्याचे काम पालिकांकडे आले. टॉटनम पालिकेने अन्नावशेष शिजवून डुकरांसाठी तयार केलेले खाद्य त्या काळी विशेष प्रसिद्धी पावले.

डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या घातक धुरक्यानंतर १९५६ मध्ये शुद्ध हवा अधिनियम संमत झाला. त्याचा उद्देश धूर कमी करण्याचा होता. परंतु कचऱ्याच्या घटनेत त्याने जे परिवर्तन घडवून आणले, ते कोणत्याही कचराविषयक कायद्याने तोवर घडविले नव्हते. कोळशाच्या चुली जाऊन वायू व वीज आली, तशी राख घटली. शिवाय पूर्वी चुलीतच जाळला जाणारा कागद आता पेटीत येऊ लागला. वेष्टनांचा वापर वाढल्याने या प्रवृत्तीस जोर मिळाला. १९६८ मध्ये राखेचे प्रमाण सु. २२ टक्क्यांवर उतरले होते, तर कागदाचे सु. ३७ टक्क्यांवर गेले होते. प्लॅस्टिकची नोंद तेव्हा जेमतेम एक टक्का होती.

या बदलाचा नियोजनावर झालेला परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. कचऱ्याची घनता तीस-पस्तीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. दर घरामागे साप्ताहिक वजन कमी झाले, पण आकारमान वाढले. केवळ वजनाच्या नोंदी पाहणाऱ्या पालिकेस काम घटल्याचा भास झाला असता. प्रत्यक्षात पेट्या ओसंडत होत्या आणि उघड्या गाड्या वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच भरत होत्या. कचरा दाबून भरणारी वाहने, मोठ्या पेट्या व कागदी पिशव्या यांचा प्रसार होण्यामागे हे कारण होते. उष्णतामूल्य वाढल्यामुळे दहनाचा पर्यायही पुन्हा विचारात घेतला जाऊ लागला. कचरा साठविणे व गोळा करणे यांवरील कार्यकारी समितीचा १९६७ चा आणि विल्हेवाटीवरील समितीचा १९७१ चा अहवाल यांना या बदलांची पार्श्वभूमी होती.

कायद्याचे बंधन : १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण अधिनियमाने विल्हेवाट प्राधिकाऱ्यांना आपल्या क्षेत्रातील कचऱ्याचे प्रकार व परिमाण लक्षात घेऊन योजना तयार करण्यास सांगितले. त्याच वर्षी अंमलात आलेल्या पुनर्रचनेनुसार इंग्लंडमध्ये कचरा गोळा करण्याचे काम जिल्हा परिषदांकडे व विल्हेवाटीचे काम परगणा परिषदांकडे आले. एकीच्या निर्णयाचा भार दुसरीवर पडत असल्याने दोघींना मान्य होतील अशा आकड्यांची निकड भासू लागली. १९९० च्या दशकारंभी स्टीव्हनेज येथील वॉरन स्प्रिंग प्रयोगशाळेने राष्ट्रीय घरगुती कचरा विश्लेषण कार्यक्रम राबविला. वस्त्यांचे सामाजिक-आर्थिक वर्ग पाडून प्रत्येक वर्गातील घरांचा कचरा तपासण्यात आला. त्यामुळे एखाद्या परिषदेस आपल्या क्षेत्रातील वस्त्यांच्या मिश्रणावरून एकूण घटनेचा अंदाज बांधणे शक्य झाले.

१९९६ मध्ये ब्रिटनमध्ये भरावभूमीवर कर बसला. सक्रिय कचऱ्यासाठी तो प्रारंभी टनास ७ पौंड होता. २०१४ मध्ये तो ८० पौंडांवर पोहोचला. १९९९ च्या यूरोपीय निदेशाने भरावात जाणारा जैव-विघटनशील नागरी कचरा १९९५ च्या तुलनेत टप्प्याटप्प्याने ७५, ५० व ३५ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. ब्रिटनला त्यासाठी २०१०, २०१३ व २०२० अशी मुदत मिळाली. इंग्लंडमध्ये २००५ पासून विल्हेवाट प्राधिकाऱ्यांना कोटे देण्यात आले व ते परस्परांत विकण्याचीही मुभा होती. कोटा ओलांडल्यास दर टनामागे १५० पौंड दंड होता. या हिशेबात इंग्लंडमधील नागरी कचऱ्याचा ६८ टक्के भाग जैव-विघटनशील मानला होता. वेगळा काढलेला कागद, अन्न किंवा बागेतील पालापाचोळा यांचा प्रत्येक टन हिशेबातून वजा होई. काच किंवा धातू वजा होत नसत. अर्थात काचेचे संकलन पर्यावरणदृष्ट्या कितीही उपयुक्त असले, तरी या कोट्याच्या दृष्टीने ते निष्फळ होते. घटक-विश्लेषणातील एक सरासरी आकडा थेट परिषदांच्या अंदाजपत्रकात कसा उतरतो, याचे हे ठळक उदाहरण होय. ही कोटा-पद्धती इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये संपुष्टात आली.

अन्नावशेषांच्या वेगळ्या संकलनालाही विश्लेषणाचाच आधार मिळाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात दोन हजारांहून अधिक घरांच्या कचऱ्याची प्रत्यक्ष छाननी करून असे दाखविण्यात आले की, घरे विकत घेतलेल्या अन्नापैकी सु. एकतृतीयांश टाकून देतात आणि त्यातील बराच भाग टाळता येण्याजोगा असतो. वेल्समधील परिषदांनी अन्नावशेष दर आठवड्यास वेगळे नेण्याची सेवा लवकर स्वीकारली. कुजणारा भाग निघून गेल्यावर उरलेला कचरा पंधरवड्यातून एकदा उचलला तरी चालतो, हे गणित त्यामागे होते. इंग्लंडमधील घरांसाठी अशी साप्ताहिक सेवा देण्यास परिषदांना ३१ मार्च २०२६ ही मुदत घालून देण्यात आली.

विश्लेषणाची पद्धत : कचरा अत्यंत विषम असल्याने नमुना कसा घेतला, यावर निष्कर्षाची विश्वसनीयता अवलंबून असते. वस्तीचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गातील घरे किंवा गाड्या निवडतात. गाडीतील कचरा सपाट जागी पसरून, ढीग करून, त्याचे चार भाग पाडतात व समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले काढून टाकतात. इष्ट वजन उरेपर्यंत ही चतुर्थांशन क्रिया पुन्हा करतात. अमेरिकन मानकानुसार हाताने निवडावयाचा नमुना ९१ ते १३६ किग्रॅ. असावा लागतो. ऋतुमान, सण, बाजाराचे दिवस व सुट्या यांमुळे प्रमाणे बदलत असल्याने मोजणी वर्षातून अनेकदा करावी लागते.

नागरिकांना प्रश्न विचारून ही माहिती मिळू शकेल, असा समज होता. विल्यम रॅथ्जी (१९४५–२०१२) या पुरातत्त्वज्ञाने अमेरिकेतील टूसॉन येथे १९७३ मध्ये सुरू केलेल्या कचरा-प्रकल्पाने तो खोटा ठरविला. लोक जे सांगतात व जे टाकतात, त्यांत लक्षणीय तफावत आढळली, उदा., मद्यप्राशनाचे सांगितलेले प्रमाण व कचऱ्यातील रिकामे डबे यांचा मेळ बसत नव्हता. म्हणूनच पुढील अभ्यासांत प्रश्नावलीबरोबर प्रत्यक्ष छाननी आवश्यक मानली गेली.

भारत : भारतातील नागरी कचऱ्याच्या शास्त्रीय विचाराचा आरंभ खतनिर्मितीतून झाला. सर आल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात विकसित केलेली इंदूर पद्धती आणि सी. एन. आचार्य यांची बंगलोर पद्धती या दोहोंत वनस्पतिज अवशेष व नायट्रोजनयुक्त पदार्थ यांचे योग्य मिश्रण, हे मूलतत्त्व होते. कचऱ्यात काय आहे, हे जाणल्याशिवाय हे मिश्रण साधणे शक्य नव्हते. याउलट मोठ्या शहरांत कचऱ्याकडे मुख्यतः भरावाचे साहित्य म्हणून पाहिले जाई. मुंबई शहरातील कचरा आगगाडीने चेंबूरच्या बाजूस नेऊन सखल जमिनीवर टाकीत. देवनारच्या कचराभूमीचा वापर १९२७ पासून सुरू झाला.

नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने भारतीय शहरांच्या कचऱ्याचे विश्लेषण सातत्याने केले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आकडेवारीनुसार १ ते ५ लाख लोकवस्तीच्या शहरांत खतयोग्य भाग सु. ४५ टक्के व माती, राख, दगड इ. निष्क्रिय भाग सु. ४४ टक्के होता. ५० लाखांवरील महानगरांत हीच प्रमाणे अनुक्रमे सु. ३१ व ५४ टक्के होती. उष्णतामूल्य सामान्यतः किलोग्रॅमला ८०० ते १,००० किलोकॅलरी इतके अल्प आढळले. रस्त्यावरील झाडलोट, गटारांतील गाळ व बांधकामाचा राडारोडा घरगुती कचऱ्यात मिसळण्याची पद्धत या मोठ्या निष्क्रिय भागास कारणीभूत होती.

हे आकडे दुर्लक्षिल्याचा परिणाम दिल्लीतील तिमारपूर येथे दिसून आला. डॅनिश तंत्रज्ञानाने १९८७ मध्ये उभारलेला, दररोज ३०० टन कचरा जाळून ३·७५ मेगॅवॉट वीज निर्माण करण्याच्या क्षमतेचा हा प्रकल्प किलोग्रॅमला सु. १,४६० किलोकॅलरी उष्णतामूल्य गृहीत धरून आखला होता. प्रत्यक्षात मिळालेल्या कचऱ्याचे मूल्य ६०० ते ७०० किलोकॅलरी भरले. जेमतेम तीन आठवड्यांच्या चालनानंतर तो थांबला व १९९० मध्ये बंद करण्यात आला. बर्लिनमध्ये जे घडले होते, तेच सु. नऊ दशकांनी दिल्लीत घडले. १९७५ ते १९८० या काळात भारतीय शहरांत उभारलेल्या यांत्रिक खत-कारखान्यांपैकी अनेक पुढे बंद पडले. न निवडलेल्या कचऱ्यातील काचा व दगड, परदेशी धर्तीची यंत्रे आणि खताला न मिळालेला भाव ही त्याची प्रमुख कारणे होत. लखनौ येथील वायुनिर्मिती प्रकल्पही कचऱ्यातील निष्क्रिय पदार्थांमुळे अल्पावधीत थांबला.

नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम २००० मध्ये व त्यांचे सुधारित रूप २०१६ मध्ये अंमलात आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग ठरविले आणि किलोग्रॅमला १,५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्णतामूल्य असलेला, पुनर्वापरास अयोग्य कचरा भरावात न टाकता ऊर्जेसाठी वापरावा, असे सांगितले. २००४–०५ मध्ये नीरीने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी ५९ शहरांची पाहणी केली. तीत बहुतेक ठिकाणी खतयोग्य भाग ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास आढळला. घराजवळच खत किंवा वायू तयार करण्याच्या विकेंद्रित योजनांना या निष्कर्षाने पुष्टी मिळाली.

भारतीय आकड्यांचा अर्थ लावताना नमुना कोठे घेतला, हे पाहणे विशेष आवश्यक आहे. घरातील रद्दी व बाटल्या भंगारवाल्याकडे जातात. पेटीत पडलेला कागद व पत्रा कचरावेचक उचलतात. कचराभूमीवर घेतलेल्या नमुन्यात या वस्तू अल्प आढळतात, त्या नागरिक टाकत नाहीत म्हणून नव्हे, तर वाटेत कोणी तरी त्या वेचलेल्या असतात म्हणून. पुणे येथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कचरावेचकांच्या संघटनेचे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे नाव म्हणजे कचऱ्यातील मोलाच्या घटकांची यादीच होय. या संघटनेच्या पुढाकाराने २००८ मध्ये आकारास आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनाचे काम स्वीकारले. त्यामुळे सुक्या कचऱ्याची निवड उगमापाशीच होऊन ती वेचकांच्या हातीच राहिली. एखादी पालिका सुका कचरा सरसकट भट्टीस देण्याचे ठरविते, तेव्हा उष्णतामूल्य वाढविणारा कागद व प्लॅस्टिक हाच वेचकांच्या उपजीविकेचा आधार असतो. अशा वेळी घटकांची टक्केवारी ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. तो घटक कोणाच्या वाट्यास जावा, असा प्रश्न तीत दडलेला असतो.

मूल्यमापन : घटक-विश्लेषण हे एका काळाचे व एका स्थळाचे चित्र असते. इंधन, खाद्यसवयी, वेष्टने, उत्पन्न व कायदे यांपैकी काहीही बदलले की ते जुने होते. उलट भट्टी किंवा भरावभूमी यांचे आयुष्य दोन-तीन दशकांचे असते. राष्ट्रीय सरासरी धोरणास उपयोगी पडली, तरी एखाद्या शहराची यंत्रणा तिच्यावर बेतता येत नाही. शिवाय वेगळे संकलन सुरू होताच उरलेल्या कचऱ्याची घटना बदलते. त्यामुळे सेवेपूर्वीची मोजणी सेवेनंतर पुन्हा करावी लागते. हे काम कष्टाचे, अस्वच्छ व आरोग्यास धोक्याचे असून त्याचे श्रेय फारसे दिसून येत नाही. म्हणूनच अंदाजपत्रकात त्यास प्रथम कात्री लागते. तथापि नॉटिंगॅमपासून तिमारपूरपर्यंतचा अनुभव पाहता, काही टन कचरा हाताने निवडून पाहण्याचा खर्च न चाललेल्या कारखान्याच्या खर्चापुढे नगण्य ठरतो.